दोन घरं खाली

"सुतार, तुझा बेस मला खाली ओढायलाय."

शामराव इंगवले हे बोलला तेव्हा कंपनीच्या कँटीनमध्ये आमची तालीम चालली होती. पहिली पाळी सुटून अर्धा तास झाला होता. टेबलं भिंतीला सरकवलेली होती आणि दुपारच्या आमटीचा वास अजून हलला नव्हता. शामरावनं अंतऱ्यात गाणं तोडलं, माईक खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता, कीबोर्डवर बसलेल्या दस्तगीर मुजावरकडे तोंड करून हे वाक्य टाकलं. मारायचं एकाला आणि बघायचं दुसऱ्याकडे, ही त्याची जुनी पद्धत.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. तो डिस्पॅचचा सुपरवायझर, वयानं आठ वर्षांनी मोठा, आणि वाद्यवृंदाचा मालक म्हणा, गायक म्हणा, सगळं तोच. मनात मात्र मी त्याला कायम अरे-तुरेच केलं. इथे मनातलंच लिहितो.

"खाली ओढायलाय म्हणजे काय, शामराव?"

"म्हणजे खाली ओढायलाय. आवाज वर जायला बगतोय आणि मागनं कोणतरी धोतर धरल्यागत हुतंय."

ड्रमच्या मागे बंडू चौगुले फिस्सकन हसला. टाइम ऑफिसच्या कणसेबाई आमच्याकडे गायच्या, त्यांनी गाण्याच्या वहीत डोकं घातलं.

"मी सूर बरोबर वाजवतोय," मी म्हणालो. "दस्तगीरला विचारा."

दस्तगीरनं कीबोर्डवरची नसलेली धूळ रुमालानं पुसली.

"त्याला काय इचारायचं? गाणारा मी हाय." शामरावनं आता सगळ्यांकडे तोंड फिरवलं. "ऐका. परवा रविवारची स्पर्धा झाली की बेस बंद. दस्तगीरच्या कीबोर्डात बेस आपसूक येतोय, डाव्या हाताचं बोट ठेवलं की झालं. सुतार, तुझ्यावर राग न्हाई. पण चार तारांसाठी एक अख्खा माणूस उभा करायचा, हे आता बरं दिसत न्हाई."

राग नाही म्हणे! मला मात्र इतका राग आला की अंगठा तारेवर आपटला आणि जाड तार घुमली. त्यावर बंडू पुन्हा हसला.

शहाण्णव सालची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी पॅटर्न शॉपला होतो. नाव केरबा सुतार, जात सुतार, काम सुतारकीचंच: लोखंड ओतायचा साचा करण्यासाठी आधी लाकडाचा नमुना लागतो, तो मी करायचो. गिटार शिकलो कॉलेजात, सहा तारांची. तिथल्या वाद्यवृंदात दोन महिने वाजवली, तेवढ्यात गायकाचा मेहुणा गिटार घेऊन आला. मग मला सांगण्यात आलं, "केरबा, तू बेस घे. सोपा असतो." मेहुणा पुढे उभा राहिला, मी मागे गेलो. पुढे गल्लीतल्या मंडळाच्या वाद्यवृंदात गेलो. तिथे तबलजी आणि निवेदक यांची स्टेजवरच हातघाई झाली आणि वाद्यवृंद बुडाला. मग नोकरी, आणि मग हा शामराव.

बेस वाजवणाऱ्याचं एक असतं. तो वाजत असला तर कुणाला ऐकू येत नाही. थांबला तर गाणं पोकळ होतं आणि काय गेलं तेही कुणाला कळत नाही. पण कधीतरी बंडूचा पायाचा ढोल आणि माझी जाड तार एका क्षणाला पडायची आणि स्टेजच्या फळ्या पायाखाली थरथरायच्या. पुढे गाणारा त्या फळ्यांवरच उभा असतो. त्याला ते कळो न कळो, मला कळायचं, आणि त्या सुखापायी मी नऊ वर्षं एक तालीम चुकवली नाही.

त्या नऊ वर्षांत शामरावनं माझं नाव एकदाही धड घेतलं नाही. मध्यंतराआधी कलाकारांची ओळख करून द्यायची आमची रीत होती. दस्तगीर म्हणजे "सुरांचा जादूगार", बंडू म्हणजे "तालाचा बादशहा", कणसेबाई "आमच्या कंपनीची कोकिळा". प्रत्येकानं थोडं वाजवून दाखवायचं, लोकांनी टाळ्या द्यायच्या. सगळ्यांत शेवटी माझ्याकडे अंगठा करून तो म्हणायचा, "आणि हे आमचे सुतार. यांच्या गिटारीला दोन तारा कमी आहेत, पण आम्ही सांभाळून घेतो!" हॉल हसायचा. हशा ओसरायच्या आत पुढचं गाणं सुरू. नऊ वर्षं तोच विनोद, आणि नऊ वर्षं लोक हसले.

माझी पोरगी शैला सहा वर्षांची असताना पहिल्यांदा कार्यक्रमाला आली होती. घरी जाताना सायकलच्या दांडीवरून तिनं मान वळवून विचारलं, "पप्पा, तुमच्या गिटारीला खरंच दोन तारा कमी हैत?" तिला काय सांगणार? म्हटलं, हो बाळ.

तर त्या शुक्रवारी घरी आलो, गिटार कोपऱ्यात आपटावी तशी ठेवली आणि बायकोला सगळं सांगितलं. आनंदी भाकरी थापत होती.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" मी म्हणालो. "गळा गेलाय त्याचा, आणि म्हणतो बेस खाली ओढतो."

"मग सांगा की त्याला, तुमच्यामुळं त्याची अब्रू ऱ्हायलीया म्हणून."

"ते सांगता येत नाही."

"का येत न्हाई? दोन वर्षं झाली झाकून ठेवलंय तुमी दोघांनी."

हे झाकून ठेवलेलं काय, ते आता सांगतो.

शामरावची सगळी मिजास त्याच्या पट्टीवर होती. गायक ज्या सुराला 'सा' धरून गातो ती त्याची पट्टी. पुरुष गायक बहुतेक पांढरी एक नाहीतर काळी एक धरतात. शामराव काळी दोन. चहाच्या टपरीवर, गेटवर, कुणाच्या लग्नात, तो हे सांगायचाच. "जिल्ह्यात काळी दोनमध्ये गाणारा दाखवा, मिशी उतरवतो." त्याचं एक हुकमी गाणं होतं, जुनं, चढं. त्याच्या अंतऱ्यात आवाज वरच्या पंचमावर जाऊन तिथे थांबायचा. त्या जागेला लोक श्वास धरायचे, आणि शामराव एक हात वर करून तो सूर असा उभा करायचा की मान्य करावं लागे, मग तुमचं त्याच्याशी काही का असेना.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात त्या पंचमावर त्याचा आवाज फाटला. कोंबडं मान दाबल्यावर ओरडतं, तसा. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. त्या महिन्यात नव्या भट्टीची चाचणी चालली होती, डिस्पॅचच्या लोकांनाही भट्टीवर लावलं होतं आणि शामराव रोज बारा-बारा तास धुरात उभा होता. कार्यक्रम संपल्यावर तो कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल तोंडावर घेऊन अर्धा तास बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी मी दस्तगीरला गाठलं. दस्तगीर पाळीनंतर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवायचा, हाडाचा सरळ माणूस.

"दस्तगीर, पुढच्या वेळी पट्टी दोन घरं खाली घेऊ. काळी एक. त्याला सांगायचं नाही."

"कळंल की त्याला."

"कसं कळेल? घरी पेटी नाही. सूर तुझ्याकडूनच घेतोय. तुझी बोटं त्याच जागी पडणार, त्याला दिसणारही नाही."

ते खरंच होतं. कीबोर्डला ट्रान्सपोजचं बटण असतं. ते दोनदा दाबलं की वाजवणाऱ्यानं नेहमीच्याच पट्ट्या दाबायच्या आणि आवाज मात्र तेवढा खालून येतो. दस्तगीरला काही बदलावं लागलं नाही. बदलावं लागलं मला एकट्याला. बेसला असलं बटण नसतं. गिटारीच्या दांड्यावर सहाव्या घरावर धरायचा 'सा' मी चौथ्या घरावर धरायला लागलो. पण बेसवाल्याच्या डाव्या हाताकडे कोण बघतो?

बटणाच्या बाजूला एक छोटी खिडकी होती, तिथे आकडा दिसायचा. शामरावची नजर पडू नये म्हणून दस्तगीरनं त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवली. आणि बटण होतं कीबोर्डच्या उजव्या टोकाला, मी उभा राहायचो तिथे. दस्तगीर लोकांसमोर बसलेला, शामराव त्याच्या शेजारी. तेव्हा बटण दाबायचं काम माझ्याकडे आलं. शामराव गाण्याची प्रस्तावना करत असायचा, मी गिटारीची वायर सरळ केल्यासारखं वाकायचो आणि दोनदा बोट टेकवायचो. टक, टक. दस्तगीर तोंडातल्या तोंडात विचारायचा, "केलंस?" मी म्हणायचो, "केलं." गाणं झालं की पुन्हा दोनदा उलटं दाबून शून्यावर आणायचं, कारण कणसेबाईंची गाणी वेगळ्या पट्टीत.

दोन वर्षांत शामरावचा आवाज एकदाही फाटला नाही. आणि तो जिल्हाभर सांगत फिरला, काळी दोन!

त्याच्या तोंडून माझं नाव निघालं नाही ते निघालं नाही. पण तो स्टेजवर "दोन तारा कमी" म्हणायचा तेव्हा मी मनात म्हणायचो, बोल लेका, बोल. तुझी इज्जत माझ्या बोटात आहे. त्यावर मी दोन वर्षं तग धरला.

"सांगितलं तर तो गाणं सोडेल," मी आनंदीला म्हणालो.

"मग सोडू दे की. आन एक बोलू का? ज्याच्यावर केलं त्याला म्हाईतच न्हाई, तर ते उपकार कसलं?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ते तुमचं तुमच्यापुरतंच हाय."

मला ते आवडलं नाही. मी न जेवता उठलो.

रविवारी दुपारी चारला स्पर्धा होती, शहरातल्या नाट्यगृहात. जिल्ह्यातल्या कंपन्यांचे सात वाद्यवृंद, प्रत्येकाला तीन गाणी. हॉल भरला होता. चौथ्या रांगेत आनंदी आणि शैला बसल्या होत्या. शैला आता नऊ वर्षांची झाली होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. मी आनंदीला येऊ नको म्हटलं होतं. ती म्हणाली, शेवटचं वाजवताय, बगायला नको?

पडद्यामागे आम्ही आमच्या पाळीची वाट बघत होतो. शामराव गळ्याला मफलर गुंडाळून येरझाऱ्या घालत होता. माझ्यासमोर येऊन थांबला.

"सुतार, आज शेवटच्या गाण्याला जरा दबूनच वाजव. न्हाई वाजवलंस तरी चालंल."

"न वाजवता उभा राहू?"

"ऱ्हा की. कोणाला कळणार हाय?"

बंडू तिथेच होता. ह्या वेळी तोही हसला नाही.

मी शामरावच्या तोंडाकडे बघितलं. नऊ वर्षांचं सगळं एकदम आठवलं. मेहुण्यासाठी मागे सरकवलेला मी, शैलाचा तो प्रश्न, आणि हा माणूस, जो माझ्या बोटाच्या जोरावर उभा होता आणि मला म्हणत होता, कुणाला कळणार आहे. त्या क्षणी मी ठरवलं. आज कळू दे म्हटलं. सगळ्या जिल्ह्याला कळू दे.

करायचं काहीच नव्हतं. फक्त बोट लावायचं नव्हतं.

पहिलं गाणं कणसेबाईंचं झालं, दुसरं दोघांचं, कणसेबाईंच्याच पट्टीत. मग शामराव माईकपाशी आला, मफलर काढून दस्तगीरच्या स्टँडवर टाकला आणि प्रस्तावना सुरू केली. माईकवर तो पुस्तकी बोलायचा. "रसिकहो, काळी दोनमध्ये हे गीत गाण्याचं धाडस आजकाल फारसं कुणी करत नाही..." मी वाकलो. वायर सरळ केली. बटण माझ्या नखापासून चार बोटांवर होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि सरळ उभा राहिलो.

"केलंस?" दस्तगीर पुटपुटला.

"केलं."

दस्तगीरशी मी त्याआधी कधी खोटं बोललो नव्हतो.

दस्तगीरनं सूर धरला. मी डावा हात सहाव्या घरावर नेला. दोन वर्षांत तिथे गेलो नव्हतो, पण बोटं वाट विसरली नव्हती. शामरावनं तोंड उघडून 'सा' लावला आणि मला त्याची मान किंचित हललेली दिसली. मागून मला त्याचे कान आणि मानच दिसायची. तो अर्धा क्षण थबकला. मग त्यानं खांदे मागे टाकले.

ध्रुवपद गेलं. आवाज मोकळा होता. मी म्हटलं, असू दे, ध्रुवपदात काय आहे? अंतरा येऊ दे. मी दबून वाजवत नव्हतो. उलट मी इतका ठासून वाजवत होतो की बंडूनं चमकून बघितलं, आणि मग त्यानंही पाय माझ्याबरोबर टाकायला सुरुवात केली. फळ्या थरथरायला लागल्या. मला वाटत होतं, पडणाऱ्याच्या पायाखाली चांगला ढोल वाजला पाहिजे. इतका मी विषानं भरलो होतो. खोटं कशाला सांगू?

अंतरा आला. आवाज पायरी-पायरीनं चढायला लागला. मी चौथ्या रांगेकडे बघितलं. शैला पुढे वाकून बसली होती. मला वाटलं, आता. शामरावचा हात वर गेला.

आणि त्यानं पंचम लावला.

तो फाटला नाही. हललासुद्धा नाही. भट्टीतून धार पडते तसा तो सूर सरळ, लखलखीत निघाला आणि हॉलच्या छताला जाऊन लागला. तिथे तो थांबला. किती वेळ ते मला माहीत नाही. त्याआधी नऊ वर्षांत मी हे गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं, फाटण्याच्या आधीचंही ऐकलं होतं. असं नव्हतं ऐकलं. माझ्या हातावर काटा आला आणि बोटं आपली सहाव्या घराभोवती फिरत राहिली.

लोक गाणं संपायच्या आधीच उठले. परीक्षकांतले एक म्हातारे व्हायोलिनवाले होते, ते टेबलावर हात आपटत होते.

मला पहिल्यांदा काय वाटलं? मला फसवल्यासारखं वाटलं. हा पडायला हवा होता, पडला नाही. मग हळूहळू डोक्यात उजेड पडायला लागला, आणि तो मला नको होता.

आमच्या कामात एक असतं. वितळलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, म्हणून लाकडाचा नमुना तेवढा मोठा करून ठेवायचा. पण किती मोठा, ते एकदा ठरवून भागत नाही. पहिला नग ओतला की मोजायचा, चुकला असेल तर नमुना दुरुस्त करायचा, मगच दुसरा. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि शामरावच्या गळ्याचा मी दोन वर्षांत एकही नग मोजला नव्हता. एक महिना धुरात राहून घसा बसला होता. धूर गेला, घसा बरा झाला असणार. पुन्हा एकदा वर घेऊन बघू, हे मला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणणंही खोटं आहे. दस्तगीर एकदा म्हणाला होता, "परत वर घेऊन बगायचं का रं?" आणि मी लगेच म्हटलं होतं, "नको, मरेल तो."

कारण तो वर गेला असता तर माझ्या हातात काय राहिलं असतं?

टाळ्या ओसरेनात. शामरावनं दोन्ही हात वर केले. वेळ संपल्याची घंटा झाली होती, तरी तो माईक सोडेना. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"रसिकहो, एकच मिनिट. मला एक सांगायचं आहे." त्याचा पुस्तकी आवाज मध्येच सुटला. "गेली दोन वर्षं मी गातोय पण मला गाणं लागत न्हवतं. वरचा सूर लागायचा, पण त्यात जीव न्हवता. खालचे तर गेल्यातच जमा. मला वाटलं, वय झालं. सकाळचा रियाज बंद केला. आज हे शेवटचं गायचं आणि सोडायचं असं ठरवून आलो हुतो, घरात बायकोलाबी बोललो न्हाई." त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. "आणि परवा तालमीत मी एका माणसाला चारचौघांत बोललो. म्हटलं, तुझा बेस मला खाली ओढतोय. आत्तासुद्धा पडद्यामागं वाईट बोललो. तर आज त्या माणसानं मला कसं उचलून धरलं, ते तुम्ही ऐकलं. पायाखालची जमीन अशी घट्ट मला कधी लागली न्हवती."

तो वळला. स्टेजवर नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला.

"बेस गिटार, केरबा ज्ञानू सुतार! रसिकहो, ह्यांच्यासाठी टाळ्या द्या. केरबा, माझं चुकलं. बेस बंद हुणार न्हाई."

माझ्या बापाचं नाव त्याला माहीत होतं, हेही मला माहीत नव्हतं. हॉलनं टाळ्या वाजवल्या. शैला खुर्चीवर उभी राहून वाजवत होती, लाल रिबिनी उडत होत्या. आनंदी बसूनच होती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती.

शेजारी दस्तगीरनं नखानं टेपचा कोपरा उचलला. आत शून्य होतं. त्यानं शून्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेप पुन्हा अंगठ्यानं दाबून चिकटवली.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. शामराव टेम्पोत पुढे बसून गात होता. मी आणि दस्तगीर मागे स्पीकरांना टेकून बसलो होतो.

"तू त्याला पाडायला गेलतास," दस्तगीर म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"आन त्यो खरंच बोलत हुता. परवा. खाली ओढायलाय म्हणून."

मी सुटलेली वायर गुंडाळायला लागलो.

"सांगणार त्याला?"

"सांगतो."

"कधी?"

"सांगतो म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी दस्तगीरनं ती टेप काढून टाकली. आकड्याच्या खिडकीवर डिंकाचा चौकोनी डाग तेवढा राहिला. पुढे तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा, आणि त्याचं बरोबर होतं. आनंदीनं घरी एकदाच विचारलं, "बोललासा त्याच्याशी?" मी नाही म्हटल्यावर तिनं तो विषय सोडला. तिनं भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं.

अंगण वाकडं म्हणून मी ज्याला हसलो, त्याचं अंगण खरंच वाकडं होतं. ते मीच खणून ठेवलं होतं, आणि वर त्याला उपकार म्हणत होतो.

त्यानंतर सहा वर्षं मी शामरावबरोबर वाजवलं. तो काळी दोनमध्येच गायला, आणि मी सहाव्या घरावर वाजवत राहिलो. सांगायचं दर वेळी ठरवलं, एकदाही सांगितलं नाही. प्रत्येक कार्यक्रमात ओळख करून द्यायची वेळ आली की तो आता सगळ्यांत आधी माझं नाव घ्यायचा. पूर्ण, बापाच्या नावासकट. "केरबा ज्ञानू सुतार! माझा गळा गेला होता रसिकहो, ह्या माणसानं परत आणला!" लोक टाळ्या वाजवायचे. मी वाकून नमस्कार करायचो आणि मनात म्हणायचो, शामराव, त्यापेक्षा तो दोन तारांचा विनोद करा हो.